पहिल्या ठाण्याचा राखणदार

मंडळी, क्रिकेट आपल्या खेड्यापाड्यांत येऊन किती वर्षे झाली! स्टंप नसले तर तीन काठ्या चालतात, काठ्या नसल्या तर भिंतीवर कोळशाने ओढलेल्या तीन रेघा चालतात. या क्रिकेटचा एक लांबचा भाऊबंद अमेरिकेत आहे. त्याचे नाव बेसबॉल. त्या खेळात नाव कमावलेल्या एका माणसाची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. त्याचे नाव गिल हॉजेस. अठरा हंगाम तो खेळाडू होता आणि पुढे नऊ हंगाम संघाचा मॅनेजर. बेसबॉल तुम्ही कधी पाहिला नसेल, तरी काही अडत नाही. लागेल तेवढे आधी सांगून टाकतो.

मैदानावर एक चौकोन कल्पा. त्याची प्रत्येक बाजू ९० फूट. एका कोपऱ्याला म्हणायचे घर. फलंदाज तिथे उभा राहतो. बाकीच्या तीन कोपऱ्यांवर तीन ठाणी, त्यांनाच बेस म्हणतात. चेंडू टाकणारा पिचर चौकोनाच्या मधोमध उभा असतो. फलंदाजाने चेंडू टोलवला की बॅट टाकून द्यायची आणि पळत सुटायचे. पहिले ठाणे, दुसरे, तिसरे, आणि फिरून घर. आट्यापाट्यांत आपण लोण घेऊन परत येतो ना, तसेच. सुखरूप घरी आला की एक धाव. अन् चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर ‘होम रन’. मग सावकाश चालत घरी या, कोणी अडवीत नाही.

आता पळणाऱ्याला बाद कसे करतात? समजा, चेंडू जमिनीवरून सरपटत गेला. तो क्षेत्ररक्षकाने उचलायचा आणि पहिल्या ठाण्यावरच्या गड्याकडे फेकायचा. त्या गड्याचा एक पाय ठाण्यावर हवा आणि चेंडू हातमोज्यात हवा. पळणारा पोचण्याच्या आत एवढे झाले, की तो बाद. हे सारे चार-साडेचार सेकंदांत उरकायचे असते.

पहिल्या ठाण्याच्या राखणदाराचे मोठे काम इथेच आहे. लांबून फेकलेला चेंडू दर वेळी छातीवर थोडाच येतो? घाईत फेकलेला असतो. कधी डोक्यावरून जातो, कधी पायापुढच्या मातीत आपटून वेडावाकडा उडतो. ठाण्यावरचा पाय न सोडता, अंग ताणून, हात मातीलगत नेऊन तो टिपावा लागतो. आणि यात एक मौज आहे बरं का! बेसबॉलमध्ये प्रत्येक चुकीची नोंद ठेवतात. चेंडू वाईट फेकला आणि तो हुकला, तर ती चूक फेकणाऱ्याच्या नावावर चढते. पण तोच वाईट चेंडू पहिल्या ठाण्यावरच्याने मातीतून उचलून घेतला, तर वहीत चूक लिहिलीच जात नाही. फेकणाऱ्याची अब्रू वाचते आणि वाचवणाऱ्याने काय केले ते कुठल्या रकान्यात सापडत नाही.

हॉजेसचे आयुष्य समजून घ्यायचे, तर एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

गिल हॉजेसचा जन्म ४ एप्रिल १९२४ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. आपल्या पोरांनी खाणीत उतरू नये, एवढीच त्यांची इच्छा. मुलगा अंगाने दणकट, स्वभावाने अबोल. न्यूयॉर्क शहराचा ब्रुकलिन म्हणून एक भाग आहे. तिथल्या ‘डॉजर्स’ संघाने त्याला एकोणिसाव्या वर्षी घेतले. १९४३ च्या ऑक्टोबरात तो एक सामना, फक्त एक सामना, खेळला आणि नौदलाच्या मरीन सैनिकांत दाखल होऊन महायुद्धावर गेला. १९४५ साली ओकिनावा बेटावरच्या लढाईत तो होता. त्याला ब्राँझ स्टार हे पदक मिळाले.

परत आल्यावर त्याला काम मिळाले यष्टिरक्षकाचे. त्या खेळात त्याला कॅचर म्हणतात. पण १९४८ साली संघात रॉय कॅम्पानेला नावाचा फार वरच्या दर्जाचा कॅचर आला. मग हॉजेसचे काय करायचे? मॅनेजर लिओ ड्युरोशर याने त्याला पहिल्या ठाण्याचा हातमोजा दिला. तिथे आधी जॅकी रॉबिन्सन खेळत असे. हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. गोऱ्यांच्या मोठ्या संघांत काळ्या खेळाडूला शिरकाव नव्हता. ती भिंत रॉबिन्सनने १९४७ साली फोडली, शिव्या आणि धमक्या सोसून फोडली. १९४८ मध्ये रॉबिन्सन दुसऱ्या ठाण्याकडे सरकला, पहिल्यावर हॉजेस आला, आणि ही दोघे मैदानावर शेजारी झाली. खाणकामगाराचा गोरा मुलगा अन् दक्षिणेतल्या एका काळ्या कुळवाड्याचा मुलगा! एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने घ्यायचा, असा हा शेजार चालला.

हॉजेस तिथे असा रुजला, की १९५७ साली उत्तम क्षेत्ररक्षकांना सोन्याच्या हातमोज्याचा मान देणे सुरू झाले, तेव्हा पहिली तिन्ही वर्षे तो मान त्याच्याकडे आला. फलंदाजही काही हलका नव्हता. ३१ ऑगस्ट १९५० रोजी बोस्टनच्या संघाविरुद्ध एकाच सामन्यात त्याने चार होम रन मारले.

पण मंडळी, माणसाची परीक्षा चांगल्या दिवसांत होत नाही. १९५२ साली काय झाले ते ऐका. हंगामाच्या शेवटी दोन विजेत्या संघांत सात सामन्यांची मालिका होते, तिला वर्ल्ड सिरीज म्हणतात. त्या वर्षी ब्रुकलिनची गाठ न्यूयॉर्कच्याच ‘यांकीज’ संघाशी पडली. हॉजेसच्या खात्यावर एकवीस पाळ्या जमा झाल्या. त्या एकवीसही पाळ्यांत त्याचा एकही फटका लागू पडला नाही. एकवीसपैकी शून्य! आणि ब्रुकलिन तीनास चार असे हरले.

आता लोकांनी काय करावे? आपल्याकडे अशा वेळी काय होते, ते मी सांगायला नको. अमेरिकेतले प्रेक्षकही काही संत नव्हेत. मैदानावर हुर्यो उडवण्यात ते पटाईत. पण ब्रुकलिनच्या लोकांनी हॉजेसची हुर्यो उडवली नाही. उलट तो खेळायला आला की ते जास्तच जोराने टाळ्या वाजवीत. त्याला पत्रे येऊ लागली. कोणी जपमाळा धाडल्या, कोणी सल्ले. पुढच्या वर्षी मे महिना आला तरी त्याची बॅट मुकीच होती. तेव्हा ब्रुकलिनच्या एका चर्चमधल्या धर्मगुरूने रविवारी लोकांना सांगितले, की आज उकाडा फार आहे, प्रवचन करीत नाही. घरी जा, देवाच्या आज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा. ही हकीकत तिकडे आजही सांगतात.

नुसती प्रार्थनाच झाली असे मात्र नाही. मॅनेजर चक ड्रेसन याने हॉजेसला त्याच्याच फलंदाजीची चित्रे दाखवली. चेंडू येताना त्याचा पुढचा पाय चेंडूच्या रेषेपासून दूर सरकत होता. दोष नेमका सापडला, हॉजेसने तो मान्य केला आणि सुधारणा केली. १९५३ चा हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर ३१ होम रन होते आणि शेकडा तीस पाळ्या यशस्वी होत्या. बेसबॉलमध्ये शेकडा तीस म्हणजे उत्तम फलंदाज. गुरुजी, हे गणित मुलांना जरूर सांगा. या खेळातला पहिल्या नंबरचा गडीसुद्धा दहांतून सात वेळा हात हलवीत परत येतो.

दोन वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९५५ रोजी, पुन्हा यांकीज आणि पुन्हा सातवा सामना. त्याआधी सात वेळा ब्रुकलिनचा संघ या मालिकेत उतरला होता आणि सातही वेळा हरला होता. या सामन्यात ब्रुकलिनने दोन धावा केल्या, यांकीजना एकही करता आली नाही. त्या दोन्ही धावा हॉजेसच्या फटक्यांवर झाल्या. आणि शेवटचा गडी कसा बाद झाला? पी वी रीस याने चेंडू उचलला, पहिल्या ठाण्याकडे फेकला आणि हॉजेसने तो घेतला. ब्रुकलिनला मिळालेले ते पहिले आणि एकुलते एक विजेतेपद. १९५७ च्या हंगामानंतर मालकाने संघ लॉस एंजेलिसला हलवला.

हॉजेस संघाबरोबर तिकडे गेला. १९६२ साली न्यूयॉर्कला ‘मेट्स’ हा नवा संघ निघाला, तेव्हा तो परतला. गुडघे कुरकुरत होते. १९६३ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनच्या ‘सेनेटर्स’ संघाने त्याला मॅनेजर म्हणून मागून घेतले आणि त्याने बॅट खाली ठेवली. एकूण होम रन ३७०.

बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे कचेरीतला कारकुनी माणूस नव्हे. तो खेळाडूंचाच पोशाख घालून मैदानाकडेला बसतो. कोणी खेळायचे, कोणी कुठे उभे राहायचे, दमलेल्या पिचरला केव्हा काढायचे, हे सारे त्याच्या हाती. हॉजेसला मिळालेला संघ तळाचा. १९६३ साली तो १६२ पैकी ५६ सामने जिंकून दहा संघांत दहावा आला. मग ६२, ७०, ७१ आणि १९६७ साली ७६. दर वर्षी वाढ. कुठे चमत्कार नाही, गाजावाजा नाही. हलक्या रानात दर साली थोडे खत घालीत जावे आणि पीक थोडे थोडे वाढत जावे, तशातला हा प्रकार.

याच काळातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९६५ साली त्याच्या संघात राइन ड्युरेन नावाचा पिचर होता. एके काळचा नामांकित, पण दारूने पुरता पोखरलेला. एका रात्री हा ड्युरेन जीव द्यायच्या विचाराने पुलावर जाऊन उभा राहिला. हॉजेस तिथे गेला, त्याच्याशी बोलला आणि त्याला परत घेऊन आला. ड्युरेनची खेळातली कारकीर्द त्याच वर्षी संपली. पण पुढे तो दारूतून सुटला आणि व्यसनात अडकलेल्या माणसांना सोडवण्याच्या कामात त्याने उरलेले आयुष्य घातले. मघाशी मी मातीत आपटलेल्या चेंडूबद्दल बोललो. हा त्यातलाच एक म्हणा ना!

त्याच्या शिस्तीचीही एक गोष्ट सांगतात. काही खेळाडू रात्री ठरल्या वेळेनंतर परतले. हॉजेसने सगळ्यांना गोळा करून सांगितले, की चौघांनी नियम मोडला आहे. ते कोण, हे मला ठाऊक आहे. नावे घेत नाही. दंडाचे पैसे माझ्या टेबलावरच्या डब्यात टाका. संध्याकाळी डबा उघडला तर चौघांहून जास्त जणांचा दंड त्यात निघाला!

१९६८ च्या हंगामासाठी मेट्सने त्याला वॉशिंग्टनकडून आणले. त्यासाठी एक पिचर आणि एक लाख डॉलर मोजले. मेट्स म्हणजे लोकांच्या थट्टेचा विषय. पहिल्याच वर्षी, १९६२ मध्ये, १२० सामने हरलेला संघ. दहा संघांत पाच वेळा शेवटचा. हॉजेसच्या पहिल्या वर्षी ७३ सामने जिंकून तो नववा आला. त्या हंगामाच्या अखेरीस, २४ सप्टेंबरला, अटलांटा इथे सामना चालू असताना हॉजेसला हृदयविकाराचा झटका आला. वय अवघे चव्वेचाळीस. सिगारेटची सवय मोठी होती. पण फेब्रुवारी-मार्चात सराव सुरू झाला, तेव्हा तो कामावर हजर.

आणि उजाडले १९६९. हॉजेसने संघात एक पद्धत पक्की केली. डावखुऱ्या पिचरचा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजाला सोपा जातो, आणि उजव्या पिचरचा डावखुऱ्याला. म्हणून समोर पिचर कोण आहे ते पाहून तो फलंदाज बदली. पहिल्या ठाण्यावरच दोघे जण होते. डावखुरा एड क्रेनपूल आणि जूनमध्ये आणलेला उजव्या हाताचा डॉन क्लेंडेनन. रोज खेळायला मिळत नाही म्हणून कोणी खूश नव्हते. पण आपली पाळी केव्हा येणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते आणि प्रत्येकाची पाळी येत होती.

३० जुलैला न्यूयॉर्कला ह्यूस्टनच्या संघाविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने होते. पहिला मेट्सने मोठ्या फरकाने गमावला. दुसऱ्यातही तिसऱ्याच डावात धावांचा पाऊस पडू लागला. एक फटका डावीकडच्या लांबच्या भागात गेला. तिथे क्लिऑन जोन्स होता, संघातला सर्वांत भरवशाचा फलंदाज. तो चेंडूमागे रेंगाळत गेला. हॉजेस उठला आणि मैदानात चालू लागला. लोकांना वाटले, पिचरला काढायला निघाला. तो पिचरला ओलांडून गेला. पुढच्या राखणदाराला ओलांडून गेला. सावकाश चालत थेट जोन्सपाशी पोचला. पायाला काही लागले आहे का, असे त्याने विचारले. थोडे बोलणे झाले. मग हॉजेस वळून चालू लागला आणि मागोमाग मान खाली घालून जोन्स. भर सामन्यात, हजारो लोकांदेखत!

शिक्षक मंडळींनी इथे जरा थांबावे. चुकलेल्याला चारचौघांत असे बाहेर काढावे का? वर्गात आपण हेच केले तर पोर कायमचे दुखावते, हा तुमचा अनुभव असेल. माझेही मत सरसकट ‘करावे’ असे नाही. हॉजेसच्या पत्नीने, जोनने, पुढे सांगितले, की पिचरला ओलांडून जाईपर्यंत आपण काय करतो आहोत हे त्याचे त्यालाच कळले नव्हते, आणि मग मागे फिरणे शक्य नव्हते. म्हणजे ही काही ठरवून केलेली युक्ती नव्हे. पण पुढे त्याने काय केले ते पाहा. आवाज चढवला नाही. वर्तमानपत्रवाल्यांनी गराडा घातला, तेव्हा जोन्सचा पाय दुखत होता, एवढेच सांगितले. जोन्सचा पाय खरोखरच दुखतही होता. आणि काही दिवसांनी जोन्स पुन्हा आपल्या जागेवर उभा होता. ताकीद एका वेळेपुरती होती. माणूस त्याने टाकून दिला नव्हता.

ऑगस्टच्या मध्यावर मेट्स शिकागोच्या संघामागे दहा सामन्यांनी होते. तिथून त्यांनी अशी मुसंडी मारली, की हंगाम संपला तेव्हा आठ सामन्यांनी पुढे! शंभर विजय. वर्ल्ड सिरीजमध्ये गाठ पडली बाल्टिमोरशी. त्यांचे विजय १०९. पहिला सामना मेट्स हरले, पुढचे तीन जिंकले.

१६ ऑक्टोबरला पाचवा सामना. बाल्टिमोर तीन धावांनी पुढे. सहाव्या डावात जोन्स फलंदाजीला होता. चेंडू त्याच्या पायाशी आपटून मेट्सच्या बैठकीकडे घरंगळत गेला. चेंडू अंगाला लागला तर फलंदाजाला पहिले ठाणे फुकट मिळते. पंच म्हणाले, लागला नाही. हॉजेस चेंडू हातात घेऊन सावकाश चालत आला आणि चेंडूवरचा एक डाग त्याने पंचांना दाखवला. जोन्सच्या बुटाच्या पॉलिशचा डाग होता तो. पंचांनी पाहिले आणि निकाल फिरवला. ऊठसूट पंचांशी हुज्जत घालणारा माणूस असता, तर त्याचा डाग कोणी इतक्या शांतपणे पाहिला असता? पाठोपाठ क्लेंडेननने होम रन मारला आणि सामना पालटला. मेट्स तीनास पाच असे जिंकले. शेवटचा उंच फटका डावीकडे गेला, आणि तो झेलला कोणी? क्लिऑन जोन्सने.

हॉजेसला पुढे फार दिवस मिळाले नाहीत. २ एप्रिल १९७२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, फ्लोरिडात सहकाऱ्यांबरोबर गोल्फ खेळून परतताना तो हृदयविकाराने कोसळला आणि गेला. अठ्ठेचाळीसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले होते.

बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंची नावे ‘हॉल ऑफ फेम’ नावाच्या संस्थेत कोरतात. त्यासाठी क्रीडालेखकांची शेकडा ७५ मते लागतात. १९६९ पासून १९८३ पर्यंत पंधरा वेळा हॉजेसचे नाव मताला आले आणि पंधराही वेळा मागे पडले. त्यांनी आकडे मोजले, आणि आकडे थोडे कमी भरले. अखेर २०२१ च्या डिसेंबरात जुन्या खेळाडूंचा विचार करणाऱ्या समितीने त्याला निवडले आणि २०२२ च्या जुलैत त्याचे नाव तिथे लागले. ते पाहायला जोन हयात होत्या, वय पंचाण्णव. त्याच सप्टेंबरात त्याही गेल्या.

मंडळी, आकड्यांना मी नावे ठेवीत नाही. मार्कांशिवाय शाळा चालत नाही आणि पिकाचा हिशेब क्विंटलांतच मांडावा लागतो. पण हिशेबाच्या वहीत एक रकाना नेहमी कोराच राहतो. वाईट आलेला चेंडू कोणी सावरला, कोणाची अब्रू कोणी राखली, पुलावरून कोणाला कोणी परत आणले, हे त्या रकान्यात लिहायला हवे असते, आणि ते लिहिले जात नाही. संघ मात्र त्यावरच उभा राहतो.

तुमच्या शाळेत, तुमच्या गावच्या तालमीत, सोसायटीत, भजनी मंडळात असा एखादा माणूस असेलच. बोलत नाही, मिरवत नाही, पण दुसऱ्याचे निसटलेले काम पाय न हलवता झेलतो. पंधरा वेळा मते मोजून झाल्यावर त्याची आठवण होण्यापेक्षा, तो आहे तोवर, उद्या सकाळी भेटला तर, त्याला एक शब्द बोलून दाखवा.